‘पुण्यात बसून सांगणं सोपं आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

सासऱ्यांच्या पार्किन्सन्सबद्दल आणि मी मध्ये घेतलेल्या सुट्टीबद्दल लिहिलं होतं, त्यावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, आजारी माणसाला घरी टाकून सुनेनं गावाला जाणं शोभत नाही. दोन, घरी येऊन रुग्ण सांभाळणारी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोच्या मावशी, वृद्धांचं डे-केअर वगैरे पुण्यात बसून सांगणं सोपं. तुम्ही सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं एकटीनं करता, आणि तुमच्या तालुक्याला यातलं काहीच नाही.

पहिल्याचं उत्तर छोटं आहे. मी गेले तेव्हा सासऱ्यांजवळ त्यांचा मुलगा होता.

दुसरा आक्षेप रास्त आहे. ब्युरो जिथे आहे तिथेही चोवीस तासांचा माणूस ठेवणं बहुतेकांना झेपत नाही. सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर. घरी रात्री उठून कूस बदलणारीचा त्यात हिशोब नाही. केरळात ‘आश्वासकिरणम’ नावाची योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्याला पूर्णवेळ सांभाळणाऱ्याला महिना 600 रुपये. रक्कम थट्टा वाटावी इतकी लहान, पण हे काम आहे एवढं तरी सरकारी कागदावर आलं.

मात्र म्हणून गावात सुटका नाहीच, हे मला पटत नाही. तुम्हीच लिहिलंय की दोन दीर मुंबईला आहेत, नणंद जवळच्याच गावात आहे, आणि सगळे फोनवर ‘काही लागलं तर सांग’ म्हणतात. मग सांगा ना. ‘जरा हातभार लावा’ असं मोघम नको, त्यावर सगळे हो म्हणतात आणि कुणी येत नाही. ‘महिन्यातला दुसरा शनिवार-रविवार तुमचा, रात्रीसकट’ असं सांगा. रात्रीसकट हे सोडू नका. दिवसभराच्या कामानं माणूस दमतो, पण खचतो तो रोजच्या झोपमोडीनं. ज्यांना येणं जमत नाही त्यांनी पैसे पाठवावेत. ओळखीतली एखादी बाई दुपारी दोन तास बसायला आली तर तिचा पगार त्यातून निघेल. (दिवाळीत येऊन ‘आई किती वाळली’ म्हणणाऱ्यांकडून तर आधी घ्यावेत.)

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं निर्वाहाची जबाबदारी सगळ्या सज्ञान मुलांवर टाकली आहे, लेकींवरही, आणि त्यात औषधोपचार धरले आहेत. प्रांताकडे अर्ज करा असं मी सुचवत नाही. तो सासूबाईंच्या नावे करावा लागेल आणि घरात कायमचं वितुष्ट येईल. पण जवळ राहणाऱ्यानंच सगळं करायचं असं कायदा म्हणत नाही, हे दिरांच्या कानावर घालायला काय हरकत आहे?

आपलंही एक चुकतं. ‘माझ्याशिवाय त्यांचं कुणाला जमत नाही’ म्हणत आपण सगळं डोक्यात ठेवतो. वहीत उतरवा: गोळ्यांच्या वेळा, दर दोन तासांनी कुठल्या कुशीवर, ठसका लागू नये म्हणून पाणी कसं पाजायचं, डायपर कुठे ठेवलेत. नणंदेला आधी तुमच्या देखत एक-दोन दिवस करू द्या. ती तुमच्यासारखं करणार नाही. चालेल.

बाहेरची मदत अगदीच नाही असंही नाही. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेची, चौकशी करा. राष्ट्रीय कार्यक्रम 2012 पासून आहे. लोकांना तो फक्त कॅन्सरचा वाटतो, पण अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठीही तिथे मदत मागता येते. घरी भेट देणारं पथक सगळीकडे नसतं, म्हणून आधी गावातल्या आशाताईंना विचारा. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिथे माहिती आणि सल्ला मिळतो, माणूस मिळत नाही. 14416 ही टेली-मानस, म्हणजे मनावरच्या ताणासाठीची सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, मराठीतही. तो नंबर सासूबाईंसाठी नाही, तुमच्यासाठी दिलाय. रुग्णालयात जाताना त्यांचा जुना केसपेपर आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. पेशंटला न हलवता नुसती चौकशी करायला आलेय, हे खिडकीवर सुरुवातीलाच सांगा.