चारचौघांत लाज काढून दारू सुटत नाही

नातेवाईकांच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, 'दारुड्याला सुधारायचंय? सगळे पाहुणे जमवा, चारचौघांत लाज काढा, त्याच दिवसापासून दारू बंद, नाहीच ऐकलं तर जेवणातून पावडर द्या.' माझ्या दादाच्या वेळी आम्ही यातलं पहिलं केलंय, म्हणून लिहितेय.

हॉलमध्ये बारा-तेरा माणसं, काकांनी आईच्या औषधांच्या पैशांपासून सगळं काढलं, दादा मान खाली घालून बसला आणि रात्री रोजच्यापेक्षा जास्त पिऊन आला. लाज त्याला आधीच होती हो, ती विसरायलाच प्यायचा. बोलायचंय ना, मग सकाळी उतरलेली असताना बोला, ज्यांचं तो ऐकतो अशी दोन-तीनच माणसं, आणि 'परवा पोरीला गाडीवर आणताना पडलास, मी घाबरले' असं स्वतः पाहिलेलं एखादंच सांगा. त्याआधी व्यसनमुक्ती केंद्रात फोन करून अ‍ॅडमिशन कधी मिळेल ते विचारून ठेवा, कारण 'बरं, येतो' हे तासभरच टिकतं. अमेरिकेत 1999 च्या एका अभ्यासात घरच्यांना भांडण न करता कसं वागायचं ते शिकवलं तर 64 टक्के पिणारे उपचाराला आले, सगळ्यांनी मिळून समोर बसवायच्या पद्धतीत 30 टक्के, त्यातही बऱ्याच घरांना ती बैठक घ्यायचा धीरच झाला नाही.

'त्याच दिवसापासून बंद' हे तर जिवावरचं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम, नसलेली माणसं दिसणं, यात माणूस दगावतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची.

पावडरीत काय असतं कुणाला माहीत? डायसल्फिरामची गोळी, म्हणजे वर दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात ती, गुपचूप दिली आणि वर तो प्यायला तर बीपी पडतं, हार्टवर येतं. ती त्याला सांगून, डॉक्टरांनी तपासूनच द्यायची असते.

आमच्याकडे फरक पडला तो वहिनीमुळे. ती ऑफिसला 'ताप आलाय' असा फोन करायची, उधाऱ्या फेडायची, ते तिने थांबवलं, पण जेवायला वाढणं, बोलणं नाही थांबवलं. धीर तिला बाकीच्या बायकांशी बोलून आला, पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात असा 'सहचरी' गट आहे, आणि कुठे जायचं कळत नसेल तर 14446 या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे. काही आठवड्यांनी दादाच म्हणाला, चल जाऊ. मध्ये एकदा घसरला, परत गेला.