त्याला खाली जायचं होतं

आज तिकोना किल्ल्यावर गेलो होतो. मी, नवरा, आमची धाकटी (सहा वर्षांची), वहिनी आणि तिची दोन मुलं. पाय दुखतायत, अंघोळ व्हायचीय, पण हे लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

शेवटच्या पायऱ्यांवर, चढ एकदम उभा होतो तिथे, सातेक वर्षांचा एक मुलगा कातळाला चिकटून उभा होता. पिवळा टी-शर्ट. रडत होता, पण मोठ्याने नाही, आतल्या आत हुंदके. बाबा पाच-सहा पायऱ्या वर, हातात मोबाईल, व्हिडिओ चालू. "मावळा आहेस ना तू? मावळे रडतात का? म्हण जय भवानी आणि टाक पाय!" मुलगा एकच वाक्य म्हणत होता, "बाबा, मला खाली जायचंय." तीन-चारदा म्हणाला. मागे रांग लागलेली. त्यातल्या दोघा-तिघांना वाटलं आपण हुरूप देतोय, त्यांनी "चल रे वाघा" अशा आरोळ्या ठोकल्या.

मी म्हटलं, "दादा, त्याला जरा बसू द्या ना."

"ताई, तुम्ही तुमचं बघा. आमच्याकडे असंच शिकवतात."

काय शिकवतात? मला खरंच कुणीतरी सांगा. भीती वाटली तर ती लपवायची, हे? आपला बाप आपल्याकडे बघत नाहीये, मोबाईलमध्ये बघतोय, हे?

ज्यांनी तिकोना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलांना पहिल्यांदा गडावर न्यायचं असेल तर यासारखी जागा नाही. चिंचवडहून कामशेत, मग पवनानगर, तिथून तिकोनापेठ. उंची साधारण साडेतीन हजार फूट असली तरी आपण पायथ्याच्या गावातून चढतो, त्यामुळे मोठी माणसं तासाभरात वर पोचतात. मुलांबरोबर आम्हाला अडीच तास लागले आणि ते अडीच तास मला कशाशीही बदलायचे नाहीत. तेरडा आता बोंडांवर आलाय. फुगलेल्या बोंडाला बोट लावलं की ते फट्कन फुटतं आणि बिया उडतात. तीन मुलांनी वाटेतलं एकही बोंड सोडलं नाही. सोनकीने उतार पिवळे झालेत. एका नाकतोड्यापाशी आम्ही दहा मिनिटं बसलो, कारण धाकटीला तो उडी मारताना बघायचाच होता आणि त्याची काही तयारी नव्हती. मग चपेटदान मारुती. थप्पड मारायला हात उगारलेला, पायाखाली पनवती राक्षसीण. "याने कुणाला मारलं?" यावर तिघांचं पुढे लेण्यासमोरच्या टाक्यापर्यंत भांडण चाललं.

आणि खाली सगळीकडे पवनेचं पाणी. धरण भरलेलं, ढगांच्या सावल्या त्यावरून सरकतायत. "आई, पाण्याच्या खाली काय आहे?" मी सांगितलं की शेतं होती, घरं होती, वाघेश्वराचं एक जुनं देऊळ आहे, ते उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाहेर येतं. धाकटी गप्प झाली. मग म्हणाली, "आणि आपण हेच पाणी पितो?" हो गं, हेच. चिंचवडच्या नळाला येणारं पाणी पवनेचंच आहे. हे तिला मी घरी बसून दहा वेळा सांगितलं असतं तरी कळलं नसतं.

एवढं सगळं आहे त्या वाटेवर. तो पिवळ्या टी-शर्टातला मुलगाही याच वाटेने आला ना? त्याच्या लक्षात काय राहणार? तो कातळ, आणि वरून येणारा आवाज.

मावळे रडत नाहीत म्हणे. अहो, तुम्ही उभे आहात ते पवन मावळात. माथ्यावरून मान फिरवली की समोर तुंग दिसतो, पलीकडे लोहगड आणि विसापूर. हे तीन आणि पायाखालचा तिकोना, चारही किल्ले १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी मोगलांना दिले. एकूण २३ किल्ले दिले, स्वतःकडे १२ ठेवले. त्या दिवशी महाराज हरले, असं आपल्यापैकी कुणी म्हणतं का? मिर्झाराजांची फौज दारात होती, माणसं आणि मुलूख वाचवायचा होता, म्हणून मागे आले. आणि १६७० मध्ये एकेक करून परत घ्यायला लागले. कधी मागे यायचं हे ज्यांना कळत होतं त्यांचं नाव घेऊन आपण सात वर्षांच्या पोराला सांगतो की मागे फिरायचं नाही! त्याच गडावर उभं राहून! मला तिथे हे बोलायला हवं होतं. सुचलं ते उतरताना, आणि तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

मान्य, मुलांना थोडं ढकलावं लागतं. नाहीतर ती सोफ्यावरून उठणार नाहीत. आणि हेही मान्य की त्या पायऱ्यांवर मध्येच वळणं सोपं नाही, खालून माणसं येत असतात. पण मग मुलाच्या खाली उभं राहायचं असतं, वर नाही. त्याला तुमचा हात पाठीला लागला पाहिजे. हे कुठल्याही गिर्यारोहकाला विचारायला नको, मूल चालायला शिकतं तेव्हा आपण सगळे हेच करतो.

चिडून लिहायला बसले होते. आता जरा शांत झालेय, तर खरं कारणही लिहिते.

आमचा मोठा आज आला नाही. तेरा वर्षांचा आहे. गड म्हटलं की तो येतच नाही. तो सहा वर्षांचा असताना आम्ही त्याला आतकरवाडीच्या वाटेने सिंहगडावर नेलं होतं. अर्ध्या वाटेवर तो बसला. खाली खडकवासल्याचं पाणी चमकत होतं, त्याला ते बघत बसायचं होतं. मी म्हटलं, "ऊठ, सगळे बघतायत. तुझ्यापेक्षा लहान मुलं वर गेली." हे शब्द माझेच आहेत. तो उठला, वर गेला, पिठलं-भाकरी खाल्ली, फोटोत हसला. तो फोटो मी इथे टाकला होता, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी "शाब्बास" लिहिलं होतं. त्यानंतर तो कुठल्याही डोंगरावर आला नाही. मला वाटायचं मोबाईलमुळे. आज त्या पायऱ्यांवर मला कळलं की मोबाईलमुळे नाही.

म्हणजे त्या बाबांचं मुलावर प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. रविवारी पहाटे उठून कुणी उगाच पोराला गडावर आणत नाही. माझंही होतंच की प्रेम.

खाली उतरल्यावर पायथ्याला एका मावशींकडे काकडी आणि सरबत घेतलं. त्यांचा नातू तिथेच खेळत होता, पाचेक वर्षांचा. वहिनीने विचारलं, "हा रोज जात असेल ना वर?" मावशी म्हणाल्या, "न्हाई, त्यो मारुतीपातुर जातो. तितंच खेळतो, येतो." एवढं सांगून त्या काकडीला मीठ लावायला लागल्या. गडाच्या पायथ्याशी जन्मलेलं पोर, त्याचा गड मारुतीपर्यंत आहे आणि त्याच्या आजीला त्यात काही कमी वाटत नाही.

धाकटी त्या पायऱ्यांवर अर्ध्यापर्यंत गेली, मग म्हणाली बास. मी तिच्या खालच्या पायरीवर होते. आम्ही दोघी बसत-बसत उतरलो आणि बुरुजाच्या सावलीत बाकीच्यांची वाट बघत चिक्की खाल्ली. त्र्यंबकेश्वर महादेवाचं दर्शन राहिलं. उतरताना तिने विचारलं, "आई, तो पिवळा दादा मावळा नाहीये का?" मी म्हटलं, "आहे." आणखी काय सांगणार होते?

मघाशी जेवताना हे सगळं मोठ्याला सांगितलं. सिंहगडाचंही बोलले, चुकलं माझं म्हणाले. त्यावर तो काहीच बोलला नाही. ताट उचलून बेसिनपाशी गेला आणि तिथून, पाठमोराच, विचारलं, "तो मुलगा मग खाली कसा उतरला?"

मला माहीत नव्हतं. आम्ही थांबलोच नव्हतो.