काळी पाच

माझ्या मुलाला शाळेने युफोनियम दिलं तेव्हा मिरजेहून आईचा पहिला प्रश्न आला, "हे लग्नातल्या बँडवाल्यांचं नव्हे का गं?" तिचं काही चुकलं नव्हतं. वरातीत क्लॅरिनेट-ट्रंपेटच्या मागे पोटाशी धरून फुंकतात ते पितळी धूड म्हणजे हेच. पण प्रश्नात चौकशी कमी आणि काळजी जास्त होती. सतारी-तंबोरे घडवणाऱ्या गावात आम्ही वाढलो. तंबोऱ्याला हात लावण्याआधी नमस्कार करायचा, आणि बँडवाल्यांना पंगत उठल्यावर जेवायला बसवायचं, हे दोन्ही आम्ही एकाच वयात शिकलो.

आम्ही टेक्सासात, डॅलसच्या एका उपनगरात राहतो. इथे सहावी ते आठवीच्या दरम्यान एक तरी कलाविषय घ्यावाच लागतो, आणि बँड हा गणित-विज्ञानासारखाच वेळापत्रकातला रोजचा तास. आधी मुलांना वाद्यं हाताळायला बोलावतात. सर ओठ, दात, बोटं बघून सुचवतात. माझ्या मुलाला सॅक्सोफोन हवा होता. तो अर्ध्या वर्गाला हवा होता. फ्लूट, ट्रंपेट पालकांनी भाड्याने आणायचे, मोठी वाद्यं शाळेची, म्हणून आमचे निदान पैसे वाचले. सुरुवातीचे दिवस तर वाद्यही नाही, नुसतं माउथपीस. संध्याकाळी घरात गोठ्यासारखा आवाज.

मग सूर जुळवणं आलं. बँड जुळवतात तो बी फ्लॅट, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच. गंमत अशी, की हाच सूर ट्रंपेट आणि क्लॅरिनेटवाल्यांच्या नोटेशनच्या कागदावर 'सी' असतो, अल्टो सॅक्सोफोनवाल्यांच्या 'जी' आणि हॉर्नवाल्यांच्या 'एफ'. नवऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटला. मी प्रवेशिका पूर्णपर्यंत गाणं शिकलेली, मला नवल वाटलं नाही. पांढरी एकचा सा आणि काळी चारचा सा, नाव एक, सूर वेगळे. इथे सूर एक, नावं वेगळी, इतकंच.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मिरजेतल्या आमच्या जुन्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेटलेला वाद. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात. म्हणून नववीपर्यंत परीक्षा उरकायच्या आणि मग पेटीवर कापड. निम्मे म्हणतात, गुण बंद करा, कलेचा बाजार झालाय. निम्मे म्हणतात, गुणांमुळे तरी मुलं क्लासला जातात. मी नाइलाजाने दुसऱ्या बाजूची. पण दोन्ही बाजू एक गोष्ट धरूनच चालतात, की संगीत म्हणजे शाळेबाहेरचा क्लास, एकटं मूल आणि हातात प्रमाणपत्र.

मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं गुरूच्या घरातून वर्गात आणलं, ही केवढी मोठी उडी होती! पण वर्गात बसलेला प्रत्येक जण पुढे जाऊन एकटाच गाणार, हे तसंच राहिलं. गोव्यात मात्र चर्चच्या शाळांमधून मेस्त्री, म्हणजे तिथले संगीतशिक्षक, गावच्या पोरांना सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवत. मुंबईच्या सिनेमा-स्टुडिओंत एवढे गोवेकर वादक होते ते त्यामुळेच. कागद समोर ठेवला की वाजवत. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी, रमणबागेची ढोल-ताशा पथकं आहेत, तिथेही बेताच्या पोराला जागा मिळते. फक्त ती गणपतीपुरती.

माझा मुलगा बेताचाच आहे, हे मी आई म्हणून सांगते. मिरजेत असता तर "हात नाही त्याला" म्हणून दुसऱ्या वर्षी बंदच केलं असतं. इथे यंदा सातवीत त्यांची स्पर्धा झाली. आधी मंचावर बसवलेल्या रचना. मग दुसऱ्या खोलीत कधीही न पाहिलेला कागद पुढ्यात येतो. सर काही मिनिटं समजावतात, मुलं आवाज न करता बोटं फिरवतात आणि मग एकदम वाजवायचं. एक ते पाच श्रेणी, एक सर्वांत वरची, आणि ती अख्ख्या बँडला. तुमच्यात सगळ्यात चांगलं कोण वाजवतं, असं मी विचारलं तर त्याला प्रश्नच कळला नाही.

सगळं गोड नाही. गेल्या गणपतीत आरतीला वाजव म्हटलं तर म्हणतो, "कागद कुठाय?" घरात टाळ, झांजा, वीस माणसं तोंडपाठ गाताहेत आणि हा कागद मागतोय. मिरजेतला त्याचा आठ वर्षांचा मामेभाऊ तीच चाल एकाही सुराचं नाव माहीत नसताना पेटीवर काढतो. कानाने वाजवणं इथे कुणी फारसं मागतच नाही, आणि हा तोटा मला खुपतो. शेवटी मी सरगम म्हणून दाखवली, तीन संध्याकाळी गेल्या, तेव्हा विसर्जनाला कशीबशी वाजली.

परवा व्हिडिओ कॉलवर आईने हट्ट धरला, स्पर्धेतलं वाजवून दाखव. त्याने आपला भाग वाजवला. दोन लांब सूर, मग पायाने मोजत शांतता, पुन्हा दोन सूर, पुन्हा मोजणी. आई बराच वेळ वाट बघत राहिली.

"अरे, यात गाणं कुठाय?"

"गाणं फ्लूटकडे आहे, आजी."