मेडिकल फिजिक्सचा इंटर्न कसा वापरावा

रुग्णालयाच्या कॅन्सर-रेडिएशन विभागात सीनियर फिजिसिस्ट, म्हणजे मशीन आणि डोसचं गणित सांभाळणारे, आहात आणि यंदाही दारात इंटर्न येऊन उभा आहे? अभिनंदन. एमएस्सी करून, वर डिप्लोमा करून आलेला हा जीव एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमाने पुरे 12 महिने आपल्या हवाली आहे. शेवटी त्याला आपल्या सहीचा कागद लागणार, तेव्हा तो कशालाच नाही म्हणणार नाही.

सुरुवात टीएलडी बॅजपासून, म्हणजे कर्मचाऱ्याला किती रेडिएशन लागलं ते मोजणाऱ्या बिल्ल्यांपासून, करावी. दर तीन महिन्यांनी ते गोळा करायचे, कुरिअर करायचे आणि कुठल्या डॉक्टरांचा बॅज ड्रॉवरमध्ये झोपलाय ते हुडकायचं. झालं किरणोत्सर्ग सुरक्षेचं शिक्षण.

ब्रॅकीचा (शरीराच्या आतून द्यायच्या रेडिएशनचा) किरणोत्सर्गी सोर्स बदलायच्या दिवशी त्याला सुट्टी द्यावी. तेवढीच आपली माया.

सकाळचा क्यूए, म्हणजे मशीनची रोजची तपासणी, त्याने सातला येऊन करावा, आपण साडेनऊला येऊन सही करावी. आयएमआरटीचा (गाठीच्या आकाराप्रमाणे डोस देणाऱ्या उपचाराचा) पेशंट क्यूए, म्हणजे पेशंटच्या प्लॅनची मशीनवर चाचणी, रात्री, शेवटचा पेशंट गेल्यावर. मोजणीसाठी पेशंटच्या जागी ठेवायच्या जड स्लॅब त्याने उचलाव्यात, आपण घरून व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवावा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'का' शिकवू नये. एक्सेल शीट द्यावी आणि सांगावं, पिवळ्या घरात आकडे भर, खाली हिरवं आलं की प्रिंट काढ. फार छान माणसं तयार होतात अशाने. गेल्या महिन्यात त्यातला एक आमच्याकडे रुजू झाला. इथल्याच, पुण्यातल्या, एका मोठ्या रुग्णालयात वर्ष काढलेलं, प्रमाणपत्रावर 'सर्व कामे स्वतंत्रपणे करतो'. पहिल्याच आठवड्यात लिनॅकचं (रेडिएशन देणाऱ्या मशीनचं) आउटपुट, म्हणजे मशीन किती डोस देतंय तो मोजलेला आकडा, घेऊन धावत आला.

"सर, मशीन सहा टक्के कमी देतंय. ॲडजस्ट करायचं का?"

"हवेचा दाब किती घेतलास?"

"1011."

"कुठून आणलास?"

पठ्ठ्याने मोबाइल पुढे केला. हवामानाचं ॲप!

अहो, ॲपवाले दाब समुद्रसपाटीला आणून सांगतात. पुणे साडेपाचशे मीटरच्या वर आहे. आपल्या बंकरमध्ये, म्हणजे मशीनच्या खोलीत, बॅरोमीटर ठेवलात तर 950 हेक्टापास्कलच्या आसपास दाखवेल. डोस मोजायचा चेंबर बाहेरच्या हवेला उघडा असतो. हवा विरळ, म्हणून आत चार्ज कमी जमतो, आणि तेवढ्यासाठीच तो दुरुस्तीचा गुणक असतो. 950 घातलंत तर गुणक 1.07च्या घरात येतो, 1011 घातलंत तर जेमतेम 1.01. मशीन ठणठणीत होतं. सहा टक्के त्या मोबाइलमध्ये होते! आणि मी त्या दिवशी रजेवर असतो, त्याने मशीन 'सुधारलं' असतं, तर दुसऱ्या दिवशीपासून टेबलावर झोपलेल्या प्रत्येक पेशंटला सहा टक्के जास्त डोस. आपण दोन टक्क्यांसाठी भांडणारी माणसं.

"तिकडे बॅरोमीटर नव्हता?"

"होता सर. सरांच्या कपाटात. शीटमध्ये दाबाचा आकडा आधीच भरलेला असायचा."

मी त्याच्यावर ओरडलो. टेक्निशियनसमोर ओरडलो, ते चुकलंच. कारण ओरडायला हवं होतं ते तुमच्यावर. वर्षभर पोरगं तुमच्याकडे होतं. रात्री अकरापर्यंत थांबत होतं, तुमचे प्लॅन प्रिंट करत होतं, फायली लावत होतं. एकदा, फक्त एकदा, पंधरा मिनिटं शेजारी बसून तो गुणक हाताने सोडवून घ्यायला तुम्हाला वेळ झाला नाही? न बघता सही कशी केलीत? त्या सहीच्या जोरावर तो उद्या आणखी कुठेतरी, वर कुणी नसलेल्या विभागात एकटा उभा राहणार होता. लाज वाटायला हवी. थोडी मलाही वाटते, मागच्या वर्षीच्या माझ्या इंटर्नने सहा महिने बहुतेक स्लॅबच उचलल्या.

तुमच्याकडे पुढच्या महिन्यात नवी मुलगी येतेय म्हणे. कपाटाची किल्ली पहिल्या दिवशी तिच्या हातात द्या. ती पहिलं आउटपुट घेईल तेव्हा स्वतः शेजारी उभे राहा, आणि फोन बाहेर ठेवून या.