लाल वाइनच्या रंगाबाबत खुलासा

दिंडोरी परिसरातील आमच्या घरच्या बागेत माल कमी निघतो, म्हणून वाइनमध्ये बाहेरून रंग मिसळला जातो, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो निखालस खोटा आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठी केलेल्या वेलींच्या छाटणीनंतर) घड लागले की त्यांतले बरेचसे आम्ही स्वतःच काढून टाकतो, म्हणजे उरलेल्या घडांत साखर नीट भरते आणि सालीला गडद रंग चढतो. शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षजातीचा मणी चिरून पाहावा: गर जवळपास बिनरंगी असतो, रंग सालीत असतो. म्हणूनच रस सालींसकट आंबवतात आणि वर येणारा सालींचा थर पुन्हापुन्हा खाली दाबतात. द्राक्षे पिकवणाऱ्या नाशिककरांनी तरी ही अफवा पुढे पाठवायला नको होती. शंका असणाऱ्यांनी फेब्रुवारीत तोडणीच्या वेळी बागेत अवश्य यावे.