सर्व्हर चालतोय ना? मग राहू द्या!

नाशिकच्या अंबडला किंवा सातपूरला तुमचा कारखाना असेल, ऑफिसात पंचवीस-तीस कॉम्प्युटर असतील आणि जिन्याखालच्या खोलीत एक डोमेन कंट्रोलर, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांचं लॉगिन एका जागी सांभाळणारा सर्व्हर, घरघरत असेल, तर हा सल्ला खास तुमच्यासाठी. घरघरतोय म्हणजे जिवंत आहे. सकाळी सगळ्यांचं लॉगिन होतं, टॅली उघडतं, चलनाची प्रिंट निघते. आणखी काय पाहिजे? अपग्रेडचा विषय काढणाऱ्या त्या आयटीच्या पोराला चहा पाजा आणि बिघडलेला माउस बदलायला पाठवा.

पोरगं तारखा सांगत येईल. म्हणेल, तुमच्या विंडोज सर्व्हर २००३ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ जुलै २०१५ ला बंद केला. अहो, त्याच दिवशी रामकुंडावर सिंहस्थाचं ध्वजारोहण होतं! अख्खं नाशिक पर्वणीच्या तयारीत असताना जी कंपनी दुकान आवरते, तिचं काय मनावर घ्यायचं? पुढे जानेवारी २०२० मध्ये २००८ चा सपोर्ट गेला, ऑक्टोबर २०२३ मध्ये २०१२ चा गेला. तुम्ही दोन्ही वेळा गप्प बसलात आणि दोन्ही वेळचे पैसे वाचवलेत. आता २०१६ ची पाळी १२ जानेवारी २०२७ ला, म्हणजे पुन्हा ऐन सिंहस्थात. गुरू सिंह राशीत आला की मायक्रोसॉफ्ट काहीतरी बंद करते, एवढं ध्यानात ठेवा. बाकी तारखा पाठ करत बसू नका.

दुसरा डोमेन कंट्रोलर घ्या, असंही कुणीतरी सुचवेल. कशाला? स्कीमा मास्टर, डोमेन नेमिंग मास्टर, रिड मास्टर, पीडीसी एम्युलेटर, इन्फ्रास्ट्रक्चर मास्टर, अशा डोमेन चालवण्याच्या पाचही भूमिका तुमच्याकडे एकच डबा निमूट सांभाळतो. वर नावावरून मशीनचा पत्ता सांगणारं डीएनएस, मशीनना पत्ते वाटणारं डीएचसीपी, प्रिंटर, टॅलीचा डेटा आणि मागच्या गेटचा कॅमेराही त्याच्याच गळ्यात. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखा आहे तो. ती आजारी पडेपर्यंत तिच्याकडे किती कामं आहेत, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं.

त्याची देखभाल वर्षातून एकदा, दसऱ्याला, करायची. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. हार समोरच्या जाळीवरच घालायचा, म्हणजे पंखा पाकळ्या आत ओढून घेतो आणि प्रसाद थेट प्रोसेसरपर्यंत पोचतो. तिसऱ्या डिस्कवर नारिंगी दिवा लागलेला दिसेल. तो कधीपासून लागलाय, असं विचारू नये. हिरव्यांच्या रांगेत एखादा नारिंगी शोभून दिसतो, आणि रेडमधली (RAID, म्हणजे एकमेकींना सांभाळून घेणाऱ्या डिस्कच्या जोडणीतली) एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत राहतो. दुसरी जाईपर्यंत.

इतकं करूनही वेळ येतेच. ज्या मोठ्या कंपनीला तुम्ही पार्ट पुरवता, तिचा ऑडिटर येतो, जिन्याखाली वाकून बघतो आणि ताठ उभा राहतो. मग अपग्रेड करायचंच आहे, तर रीतसर करा. मुहूर्त ३१ मार्च. वेळ दुपारी बारा. बॅकअप आहे का, असं कुणी विचारलं तर कपाटातली पेन ड्राइव्ह दाखवायची. तीत काय आहे ते उघडून पाहायचं नाही. डीसीडायग आणि रेपअॅडमिन या डोमेनची तब्येत तपासणाऱ्या आज्ञा आधी चालवू नका. नसते दोष कळतात.

पहिला हट्ट हाच धरा की जुन्याच मशीनवर नवी सीडी घालून काम झालं पाहिजे. पोरगं सांगेल की २००३ तुमच्याकडे ३२ बिटचा आहे, २००८ आर२ पासून सर्व्हर फक्त ६४ बिटचेच येतात आणि एकावरून दुसऱ्यावर थेट उडी मारता येत नाही. त्याला अनुभव नाही म्हणा. मग कोटेशन येईल आणि त्यात दोन सर्व्हर असतील. इथे आवाज चढवायचा. कारण विचारलंत तर पोरगं फार वेळ घेईल: लॉगिन स्क्रिप्ट आणि पॉलिसी ज्या सिसव्हॉल फोल्डरमध्ये असतात, त्याच्या नकला दुसऱ्या कंट्रोलरवर पाठवायची पद्धत तुमच्याकडे अजून एफआरएस ही जुनीच आहे. २०१९ किंवा त्यानंतरचा सर्व्हर अशा डोमेनमध्ये डोमेन कंट्रोलर व्हायला नकार देतो. डीएफएसआर या नव्या पद्धतीवर जायचं तर आधी डोमेनची पातळी २००८ ला न्यावी लागते, आणि २००३ चा शेवटचा कंट्रोलर उतरवल्याशिवाय ती वर जात नाही. म्हणून मधल्या पायरीला एक २०१६ लागतो. ऐकताना मान हलवत राहा आणि शेवटी विचारा, ‘‘पण त्याच पैशात अजून चार कॉम्प्युटर येतील ना रे?’’

पोरगं हट्टाला पेटलंच, तर घड्याळ आहे तुमच्या मदतीला. डोमेनमधले सगळे कॉम्प्युटर शेवटी पीडीसी एम्युलेटरची वेळ पाळतात. तुमच्याकडे त्याचा बायोसचा सेल केव्हाच गेलाय. लाइट गेली की घड्याळ भरकटतं आणि कुणीतरी मनगटाकडे बघून ते हाताने लावतं. सध्या तो आठ मिनिटं मागे आहे, म्हणून ऑफिस आठ मिनिटं मागे आहे, आणि सगळेच मागे असल्यामुळे कुणाचं अडत नाही. गेटवरचं थम्ब मशीन तेवढं खरी वेळ सांगतं आणि शिव्या खातं. आता नवा सर्व्हर असेल व्हर्च्युअल मशीन, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या (होस्टच्या) पोटात चालणारा, आणि तो आपल्या होस्टची खरी वेळ धरून बसेल. लॉगिन तपासणाऱ्या कर्बेरॉस पद्धतीला पाच मिनिटांच्या वर फरक खपत नाही, त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही लोकांना आत घेतलं जाणार नाही. अकाउंट्समधून जोशी मॅडमचा फोन येईल. तुम्ही शांतपणे म्हणायचं, ‘‘मी सांगत होतो, हात लावू नका.’’

डिस्पॅचचा जुना स्कॅनरही बंद पडेल, कारण त्याला एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या पद्धतीची, पहिली आवृत्तीच कळते आणि नव्या सर्व्हरवर ती मुळात बसवलेली नसते. लगेच बसवून घ्या. मे २०१७ मध्ये फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा वॉनाक्राय याच वाटेने जगभर फिरला हे खरं, पण स्कॅनर नवा घ्यायचा म्हणजे पुन्हा खर्च.

राहता राहिला जुना डबा. त्याला रीतसर डिमोट करण्यात, म्हणजे कंट्रोलरच्या पदावरून उतरवण्यात, वेळ घालवू नका; सरळ वायर उपटा. त्याच्या नोंदी डिरेक्टरीत आणि डीएनएसमध्ये तशाच राहतील, कॉम्प्युटर अधूनमधून त्याला हाका मारतील आणि उत्तराची वाट बघत लॉगिनला वेळ लावतील. लोक म्हणतील, नवा सर्व्हर स्लो आहे. म्हणू द्या, पुढचं कोटेशन अडवायला उपयोगी पडेल. डबा टेम्पोत घाला आणि भंगारात द्या. आतल्या डिस्कवर एनटीडीएस नावाची फाइल आहे, तीत मालकांपासून स्टोअरकीपरपर्यंत सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश, म्हणजे पासवर्डची सांकेतिक रूपं, आहेत. पोरगं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मागे धावेल. त्याला थांबवा, भंगारवाला डिस्कसकटच वजन करतो.