मूळचे कुठले?

परवा ऑफिसात जेवताना पुन्हा तेच. नवीन आलेल्या काकूंनी डब्यातल्या आमटीचा घास घेतला आणि म्हणाल्या, "गोड आहे हो! मूळचे कुठले तुम्ही?" बडोद्याचा, म्हटलं. "म्हणजे गुजराती! तरीच. पण मराठी छान बोलता हं."

छान बोलता! अहो, घरात पाच पिढ्या मराठीच बोलतोय आम्ही. पण वर्तमानपत्राला एकदा चुकून गुजरातीतलं 'छापू' म्हटलं की सगळं टेबल हसतं, आणि माझं मराठीपण पुन्हा तपासायला काढतात.

गायकवाडांचं राज्य काय पुस्तकापुरतं होतं? सयाजीरावांचा जन्म नाशिककडच्या कवळाण्याचा. मराठी साहित्य संमेलन बडोद्यात १९०९ साली भरलं, २०१८ सालीही भरलं. दांडिया बाजारात आजही कानावर मराठी पडतं. हे पुण्यात कुणाला सांगायचं आणि किती वेळा?

बरं, तिकडे तरी सुटका आहे का? उत्तरायणाला ज्यांच्या गच्चीवर लहानपणापासून पतंग उडवले, उंधियु खाल्लं, तेच शेजारी सहज विचारतात, "तमारा महाराष्ट्रमां केवुं छे?" माझा जन्म बडोद्यातला हो! आजोबांचाही तिथलाच.

गणपतीत आरती म्हणताना आणि नवरात्रीत गरबा खेळताना मला कधीच दोन माणसं झाल्यासारखं वाटलं नाही. एकाच अंगणात दोन्ही शिकलो. मग दर वेळी एक कुठलं तरी निवडायला का लावता?

उद्या पुन्हा तीच आमटी नेणार आहे. गूळ घालूनच.